इनोव्हा ठरली, एर्टिगा आली

बारामतीत भाड्याची गाडी ठरवायला दोन मिनिटं लागतात. ठरलेलीच गाडी दारात यायला नशीब लागतं.

"इनोव्हा आहे ना?" "आहे की." "क्रिस्टा?" "क्रिस्टाच की, भाऊ." विषय संपला. पहाटे पाचला दारात एर्टिगा.

ड्रायव्हरला विचारून उपयोग नाही. त्याला रात्री अकराला फोन आलेला असतो, "पार्टी आहे, पाचला गाडी लाव." पार्टीने कोणती गाडी सांगितली होती, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. आणि सांगितलं असतं, तर त्याने काय खिशातून इनोव्हा काढली असती?

मग एजंटला फोन. "इनोव्हा कामात निघाली, दादा. पण टेन्शन घेऊ नका, ही पण सेव्हन सीटरच आहे."

म्हणजे आकडा पाळला. फक्त गाडी बदलली.

बरं, आकडा तरी पाळला का? सेव्हन सीटरमधली सातवी सीट ड्रायव्हरची. धंद्यात तिला 'सिक्स प्लस वन' म्हणतात आणि त्यातला 'वन' आपण नसतो. घरातली सात डोकी मोजून सात सीटची गाडी सांगणाऱ्याला हे उंबऱ्यात कळतं. मग कोण कुणाच्या मांडीवर यावर चर्चा झडते आणि दहावीतला पोरगा एकदम 'लहान' ठरतो.

आता फूटपट्टी काढा. इनोव्हा क्रिस्टाची लांबी ४७३५ मिलिमीटर, एर्टिगाची ४३९५. फरक ३४० मिलिमीटरचा, म्हणजे एक फूट आणि वर सव्वा-दीड इंच. हा फूट कापला कुठून? पुढून नाही, तिथे ड्रायव्हर बसतो. मधूनही नाही, तिथे पैसे देणारे बसतात. तो कापला जातो शेवटच्या रांगेतल्या आजींच्या गुडघ्यातून.

आजी तक्रार करत नाहीत. अर्धा धंदा त्यावरच चालतो.

डिकीचं काय? तिन्ही रांगा उभ्या असताना एर्टिगाच्या डिकीत जागा २०९ लिटर. विमानप्रवासाची एक मोठी बॅगच शंभर लिटरच्या घरात. दोन बॅगा ठेवल्या की डिकी खलास. पण हे झालं पेट्रोलच्या गाडीचं. भाड्याची गाडी बहुतेक सीएनजीवर, आणि सीएनजीची ६० लिटरची टाकी बसते कुठे?

डिकीत. भाडं तुमचं, डिकी टाकीची.

मग बॅगा कॅरियरवर. बॅगांवर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरी, आणि दोरीची शेवटची गाठ मारायला खाली उभा असलेला कुठलाही इसम. गाडीने वेग घेतला की ताडपत्रीचा एक कोपरा मोकळा होतो आणि मागच्या काचेवर फटाफटा वाजत राहतो. यवतला चहाला उतरलात की आधी बॅगा मोजायच्या, मग माणसं.

मोरगाव-जेजुरीकडून पुण्याला निघालात, तर परतीचा दिवे घाट आहेच. "चढाला एसी बंद करतो दादा, गाडी ओढत नाही." भाडं इनोव्हाचं, वारा खिडकीचा.

कारणं ठरलेली. गाडी कामात निघाली. ड्रायव्हरच्या घरी कार्य आहे. मालकाने परस्पर दुसरीकडे पाठवली. कालची पार्टी कोकणातून आलीच नाही. चारांतलं प्रत्येक कारण खरं असू शकतं. एकाच फोनवर चारही खरी कशी असतात, एवढंच समजत नाही.

खरी गोम वेगळीच आहे. ज्याला तुम्ही गाडी सांगता, त्याच्याकडे बऱ्याचदा गाडी नसते. फोन असतो. तो भिगवणच्याला सांगतो, भिगवणचा वालचंदनगरच्याला, वालचंदनगरचा इंदापूरच्या मालकाला. प्रत्येकाचं कमिशन सुटतं. बारामतीत सांगितलेली इनोव्हा हातोहात झिजत इंदापुरात पोचेपर्यंत एर्टिगा होते.

नशीब, साखळीत पाचवा नव्हता. नाहीतर रिक्षा आली असती.

रिक्षावरून आठवलं. तीनचाकीचा मोठा कारखाना आपल्या बारामतीतच, पियाजिओचा. त्या तीनचाकीत माणसं किती बसतात? कारखान्याचं उत्तर एक, स्टँडबाहेरच्या रिक्षावाल्याचं दुसरं. "बसतंय की!" हे आपल्या बारामती-इंदापूर या दोन्ही तालुक्यांतलं आसनक्षमतेचं अधिकृत माप आहे. त्यापुढे आरटीओ काय चीज?

मालक वाईट नसतो हो. त्याच्याकडे इनोव्हा एक, तिथी एक आणि पार्ट्या तीन. वऱ्हाडाला गाडी दोन दिवस हवी, तुम्हाला एक. वऱ्हाडाचा मुक्काम सोलापूरला, तुमचा कार्यक्रम हडपसरला. गाडी कुणीकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी कशाला हवा?

आणि तुम्ही दिलेला इसार? तो परत मिळत नाही. तुम्हाला 'गाडी दिली' ना!

पैशांचा हिशेब करू. समजा, दोन गाड्यांच्या दरात किलोमीटरमागे पाच रुपयांचा फरक. बाहेरगावच्या भाड्याला दिवसाचे किमान तीनशे किलोमीटर धरायची पद्धत सर्रास. म्हणजे दिवसाचे झाले दीड हजार. एर्टिगा आली म्हणून हे दीड हजार वजा होतात का? "दर तर तोच ठरलाय ना, दादा?"

दर पक्का. गाडी कच्ची.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. तिकीट अर्धं, सीट पूर्ण. या गाडीत भाडं पूर्ण, सीट अर्धी. तरी एसटीने जायला आपल्याला कमीपणा वाटतो!

निवडणूक लागली की आणखी बहार. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १६० खाली मतदानाच्या कामासाठी सरकार कोणाचीही गाडी ताब्यात घेऊ शकतं. म्हणजे तुमच्या बुकिंगवर वऱ्हाडाचं बुकिंग, वऱ्हाडाच्या बुकिंगवर सरकारचं. गंमत अशी की सरकारला मात्र हवी तीच गाडी मिळते. ते 'एक इनोव्हा पाठवा' म्हणत नाही. गाडीचा नंबर घालून आदेश काढतं.

हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

पाटीचा रंगही बघायला शिका. पिवळ्यावर काळी अक्षरं, गाडी भाड्याची. पांढऱ्यावर काळी, गाडी घरची. काळ्यावर पिवळी, गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची. आपली पिवळ्या पाटीवाली 'कामात निघाली' की कधी कधी दारात पांढऱ्या पाटीची येते. एमएच ४२, नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. "घरचीच गाडी आहे, दादा. कोणी विचारलं तर पाहुणे आहोत म्हणायचं."

पैसे मोजून पाहुणे व्हायचा मान दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळतो?

विमा कंपनीला मात्र हा पाहुणचार पसंत नसतो. परमिट नसलेल्या एका ट्रकच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये साफ सांगितलं: सार्वजनिक जागी परमिटशिवाय गाडी वापरणं हा कायद्याचा मूलभूत भंग. भरपाई कंपनीने आधी द्यायची आणि मग मालकाकडून वसूल करायची. तेव्हा पाहुणे, सांभाळून बसा.

'सेल्फ ड्राइव्ह मिळेल' हा बोर्ड तर आता गावोगाव. केंद्राच्या १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेत परवान्यासाठी किमान ५० गाड्या लागतात. बोर्ड लावणाऱ्या प्रत्येकाकडे पन्नास गाड्या असत्या, तर आपल्याला एक इनोव्हा मिळायची मारामार झाली असती का?

शब्द पाळणारी वाहतूक या भागाने पाहिलेलीच नाही, असं मात्र नाही. आषाढीला तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला जाते. मुक्काम आधी जाहीर, रिंगण बेलवाडीला ठरलेलं, रथाला बैल, बरोबर लाखो माणसं. तरी पालखी ठरल्या दिवशी ठरल्या गावात हजर. ना इसार, ना एजंट.

आणि त्याच रस्त्यावरची चार चाकांची गाडी सहा माणसांना सांगितल्याप्रमाणे येत नाही!

थंडीत पुण्याची मंडळी उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला येतात. भिगवणहून कुंभारगाव गाठायचं, मग नाव. लांबलचक लेन्स, तिपाया, गोल टोप्या, थर्मास. सांगितलेली असते मोठी गाडी, येते छोटी. वाटभर मांडीवर तिपाई धरून आलेला माणूस पाण्यावर पोचतो तेव्हा त्याचाच एक पाय रोहितासारखा वर झालेला असतो.

रोहिताचं बुकिंग कोणी घेत नाही. धरणाचं पाणी उतरलं की तो त्याच्या मर्जीने येतो. पण येतो तेव्हा रोहितच येतो. बगळा पाठवून "हा पण पांढराच आहे की" असं कोणी म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल, हे आपल्याकडेच. अमेरिकेत असं चालत नाही.

चालतं. छापून चालतं. तिकडे विमानतळावरच्या काउंटरवर गाडीचं नाव नसतंच, वर्ग असतो. अ‍ॅक्रिस नावाच्या संस्थेचे चार अक्षरी कोड आहेत. पहिलं अक्षर आकाराचं, दुसरं गाडीच्या प्रकाराचं, तिसरं गिअरचं, चौथं इंधनाचं आणि एसीचं. वर एका देखण्या गाडीचा फोटो, खाली बारीक अक्षरांत 'किंवा तत्सम'. आपला एजंट जे फोनवर तोंडी सांगतो, ते तिकडे आधीच लिहून देतात. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच.

इंदापूरचा पोरगा तिकडे नोकरीला. आई-वडील येणार म्हणून तो मिनीव्हॅन ठरवतो. काउंटरवर कळतं, मिनीव्हॅन संपल्या. पण काळजी नको, 'फ्री अपग्रेड' आहे. अपग्रेड म्हणजे भलाथोरला पिकअप. लाडू-चिवड्याच्या बॅगा मागे उघड्या हौद्यात, आभाळ भरून आलेलं, पोरगा चिडलेला. वडील मात्र हौद्याभोवती एक चक्कर मारून विचारतात, "ऊस किती बसंल रे यात?"

तिथे असं का होतं? गाडी ठरवताना बहुतेकदा पैसे भरावे लागत नाहीत, त्यामुळे ठरवून न येणारे भरपूर. म्हणून कंपन्या असतील त्याहून जास्त बुकिंग घेतात आणि सगळे येऊ नयेत अशी प्रार्थना करतात. एखाद्या सुट्टीला सगळेच येतात. देव तरी कुणाकुणाचं ऐकेल?

मे २०२० मध्ये हर्ट्झसारख्या बलाढ्य कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. टाळेबंदीत भाड्याच्या कंपन्यांनी गाड्या विकून टाकल्या. २०२१ मध्ये पर्यटक परतले, तर गाड्याच नाहीत. हवाई बेटांवर लोकांनी घरसामान हलवायचे यू-हॉलचे ट्रक भाड्याने घेतले आणि त्यातून समुद्रकिनारे बघितले. जगभर बातमी झाली.

टेम्पोतून देवदर्शन आपण कधीपासून करतोय. बातमी द्यायची राहिली, एवढंच.

आपल्याकडे विमानाचा कारभार निदान लेखी आहे. पक्कं तिकीट असून जागा नाही म्हणून चढू दिलं नाही, तर तासाभरात दुसरं विमान द्यायचं. ते जमलं नाही तर भरपाई. विमान वाहतुकीचं नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या नियमात ती ठरलेली आहे: चोवीस तासांत सोय केली तर एकेरी मूळ भाडं आणि इंधन आकाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,०००. भाड्याच्या गाडीची भरपाई किती?

"पुढच्या वेळी बघून घेऊ की, दादा."

कायदा नाही असं कोण म्हणतं? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. ठरलेली सेवा न देणं ही सेवेतली त्रुटी. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या मामल्याला फी नाही, हेल्पलाइनचा नंबर १९१५. सगळं झकास. फक्त जिल्हा आयोग पुण्यात. इंदापूरहून सुनावणीला जायचं कसं?

गाडी सांगून.

आणि तिथे पुरावा काय देणार? "क्रिस्टाच की, भाऊ"? समोरचा म्हणेल, मी 'गाडी देतो' म्हणालो होतो, गाडी दिली. ती चालली, पोचली, परत आली. तुमचे गुडघे हा काही दस्तऐवज नव्हे.

एजंटला झोडून झालं. आता जरा आपल्या घरात डोकावू.

आपण तरी खरं कधी सांगतो? सहा जण म्हणतो, आठ निघतो. "सामान काही नाही, एकच बॅग" म्हणतो आणि दारात पुण्याच्या लेकीकडे पोचवायचं ज्वारीचं पोतं आणि डाळिंबांचे दोन क्रेट उभे असतात. जाताना आत्याला वाटेत घ्यायचं असतं, ते ड्रायव्हरला कळतं आत्याच्या दारात. इनोव्हा आली असती तरी ती आपल्याला छोटीच पडली असती, हे कबूल करायला जीभ रेटत नाही.

शिवाय दोघा-तिघांना गाडी सांगून ठेवायची. स्वस्त पडला त्याला हो, बाकीच्यांना रात्री नऊला "कार्यक्रम कॅन्सल झाला हो." कार्यक्रम जोरात असतो. मांडवातल्या स्पीकरचा आवाज फोनमधून एजंटला ऐकू येत असतो.

त्याला हे पाठ झालंय. म्हणून तोही एकच गाडी तिघांना सांगतो. तिघांतले दोघे गळतील हा त्याचा अंदाज, तिघांतला एक तरी येईल हा आपला. अमेरिकेतल्या कंपन्यांना यासाठी संगणक लागतात. आपल्याकडे दोन्ही बाजूंना अनुभव पुरतो.

आणि याला म्हणायचं विश्वासावर चालणारा धंदा!

उपाय आहे. फुकट आहे. सरकारकडून उचलायचा आहे. मॉडेल विचारू नका, नंबर मागा.

ड्रायव्हरचा नव्हे, गाडीचा. इसार देण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी मागवा. गाडीचा नंबर काय? सीएनजी आहे का? ड्रायव्हर सोडून सीट किती? आणि ऐनवेळी दुसरी गाडी आली, तर दर कुठल्या गाडीचा? नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. गाडी कशावर चालते, फिटनेस आणि विमा कधीपर्यंत आहे, सगळं समोर येतं. हॉलच्या आचाऱ्याला मेनू लिहून मागणाऱ्या माणसांना हे जड का जावं?

मग गंमत बघा. मॉडेल सांगायला ज्याला एक सेकंद लागतो, त्याला नंबर सांगायला दोन दिवस लागतात. कारण उघड आहे. इनोव्हा रस्त्यावर हजारो आहेत, कुठलीही एक सांगता येते. नंबर मात्र एकाच गाडीचा, आणि ती गाडी त्याला अजून कोणी दिलेली नाही.

"एवढा अविश्वास बरा नाही, दादा." तो असं म्हणणारच. म्हणू द्या. विश्वास एवढा ओसंडून चालला होता, तर अ‍ॅडव्हान्स कशाला मागितला?

आपणही चार ओळी लिहून द्यायच्या. माणसं किती, बॅगा किती, आत्या कुठून चढणार. आठ असाल तर आठ लिहा. आठ लिहिल्यावर तो स्वतःच टेम्पो ट्रॅव्हलर सुचवेल. ती महाग पडेल. मग तुम्ही सहा लिहाल.

तेव्हा हे एवढं करून बघा. नंबर आला, तर गाडी तुमची. "सकाळी पाठवतो की" आलं, तर ती अजून कुणाच्या तरी वऱ्हाडात आहे.

ज्वारीचं पोतं घरात घ्या आणि आजींना पुढच्या सीटवर बसवा.